परत येणाऱ्या यानाचें नाक

वेगानें जाणाऱ्या वस्तूचें तोंड टोकदार असावें, हें बाणापासून होडीपर्यंत सर्वत्र गृहीत धरलेलें आहे. अंतराळांतून परतणाऱ्या वस्तूच्या बाबतींत मात्र तें उलट ठरलें. अमेरिकेंतील एम्स प्रयोगशाळेचे ज्युलियन ॲलन यांनीं १९५१ सालीं दाखविलें कीं, तोंड बोथट ठेवलें तर त्यापुढें दबलेल्या हवेची प्रबळ लाट उभी राहते आणि बहुतेक उष्णता त्या हवेबरोबरच बाजूनें निघून जाते. चंद्रावर माणसें नेणाऱ्या अपोलो यानांचें कवच असेंच बोथट होतें. परंतु तें जळावें आणि जळतां जळतां उष्णता घेऊन जावें, अशी योजना होती. एका फेरीपुरती ती उत्तम!

तेंच यान पुनःपुन्हां उडवावयाचें ठरल्यावर प्रश्न बदलला. १२ एप्रिल १९८१ रोजीं उडालेल्या कोलंबियाच्या पोटावरील फरश्या सुमारें १२६० अंश सेंटिग्रेडपर्यंत टिकत. नाकाला त्याहून अधिक ताप सोसावा लागे. नाकावरील टोपीचें द्रव्य कसें करीत, तें ऐकण्यासारखें आहे. आरंभ रेयॉनच्या कापडापासून! साड्यांच्या दुकानांत हें नांव ऐकलेल्या भगिनींस नवल वाटेल. तें कापड भाजून त्याचा कार्बन करावयाचा, राळेंत भिजवून थर घट्ट बसवावयाचे, पुन्हां भाजावयाचें. मग द्रवांत मुरवून पुन्हां भट्टींत, असें तीन वेळां. पण कार्बन हवेंत जळतो, म्हणून बाहेरील सालीचें सिलिकॉन कार्बाइड केलें. गाभा आणि साल निवतांना सारखीं आकसत नाहींत, भेगा पडतात. त्यांत कांच होणारें द्रव्य भरलें. टोपीच्या खालीं, हनुवटीच्या जागीं, प्रथम फरश्या होत्या. त्या टिकेनात, तेव्हां तेथेंहि हेंच द्रव्य आलें.

पंखांच्या पुढील कडाहि त्याच द्रव्याच्या होत्या. १९९२ सालीं त्यांवर टांचणीच्या टोकाएवढीं छिद्रें आढळलीं. शोध केला तों उड्डाणमंचाच्या रंगांतील जस्त पावसानें धुऊन यानावर ठिबकत होतें!

१६ जानेवारी २००३ रोजीं कोलंबिया उडालें, तेव्हां इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारीस परततांना तेथून तप्त वायु आंत शिरला आणि कल्पना चावला यांच्यासह सातहि जण गेले. फेसानें काय होणार, असें अधिकाऱ्यांस वाटलें होतें. जुलैंत वायूच्या तोफेंतून तसाच तुकडा मारून पाहिला. कडेस सुमारें ४० सेंटिमीटरचें भगदाड पडलें. चौकशींत आणखी एक गोष्ट उघड झाली. दोन उड्डाणांमध्यें या द्रव्याची परीक्षा मुख्यतः डोळ्यांनीं पाहून व हातानें दाबून होई. आंतील झीज अशानें कशी कळावी? फेसाचा दोष होताच. पण माझ्या मतें मोठी उणीव या परीक्षेंतच होती.

२००५ सालीं डिस्कव्हरी उडालें, तें यांत्रिक हातास जोडण्याची सुमारें १५ मीटर लांबीची दांडी घेऊन. तिच्या टोकावरील कॅमेऱ्यानें आणि लेसरनें अंतराळवीर नाकाची टोपी व पंखांच्या कडा वरच तपासूं लागले. जुलै २०११ मधील शेवटच्या उड्डाणापर्यंत ही तपासणी चालू राहिली.