यंत्राच्या पोटातील स्मारक

व्हिडिओ खेळाचा विचार करताना पडद्यावर जे दिसते तेवढेच आपण जमेस धरतो. वास्तविक अशा खेळाच्या पोटात न दिसणारा पुष्कळ ऐवज पडून असतो. त्यात वगळलेली चित्रे असतात, न वापरलेले आवाज असतात आणि क्वचित एखाद्याने हेतुपूर्वक लपवून ठेवलेला मजकूरही असतो. शिवाय एकाच खेळाच्या सर्व आवृत्त्यांत हा ऐवज सारखा नसतो. एकीत जे आहे ते पुढच्या आवृत्तीतून काढलेले असू शकते. त्यांपैकी एक हकीगत आम्ही येथे सांगू इच्छितो. ती एका मृत मनुष्याच्या स्मरणाची आहे, आणि मृतांचे स्मरण हा विषय आपल्या ख्रिस्तसभेस परका नाही.

अशा लपविलेल्या मजकुराला त्या व्यवसायात ‘ईस्टर एग’ म्हणतात. हे नाव आपल्याच सणावरून पडले आहे. पाश्चात्त्य देशांत ईस्टरला रंगविलेली अंडी बागेत लपवून मुलांना शोधावयास लावतात. अमेरिकेतील अटारी कंपनीत वॉरेन रॉबिनेट याने ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाचा खेळ एकट्याने रचला. त्या काळी ही कंपनी खेळ रचणाऱ्याचे नाव जाहीर करीत नसे. रॉबिनेटने खेळात एक गुप्त खोली ठेवली व तीत आपले नाव लिहिले. ठिपक्याएवढी एक वस्तू सोबत नेल्याखेरीज त्या खोलीत प्रवेश मिळत नसे. १९८० साली एका अमेरिकन मुलाला ती सापडली व त्याने कंपनीस पत्र लिहिले. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. अटारीतील अधिकारी स्टीव्ह राइट यांनी ते नाव राहू द्यावे असे मत दिले आणि अशा गोष्टींना ‘ईस्टर एग’ हे नाव दिले. ज्याने श्रम केले त्याचे नाव नाहीसे होऊ नये, ही न्याय्य इच्छा या प्रथेच्या मुळाशी होती.

आता मूळ हकीगतीकडे वळू. सातोरू इवाता यांचा जन्म १९५९ साली जपानमधील साप्पोरो शहरात झाला. हाल लॅबोरेटरी या छोट्या कंपनीत ते संगणकाच्या आज्ञावल्या लिहीत असत. १९८४ साली निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम यंत्रासाठी त्यांनी ‘गोल्फ’ हा खेळ तयार केला. यंत्राची साठवण इतकी तोकडी होती की तीत १८ होलांचे मैदान बसणार नाही, असे म्हणून इतरांनी ते काम नाकारले होते. इवातांनी माहिती आवळून साठविण्याची स्वतःची पद्धत शोधली व अठराही होल त्यात बसविले. २००२ साली हेच इवाता निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. यामाउची घराण्याबाहेरचे ते पहिलेच अध्यक्ष होत.

त्यांच्या कारकिर्दीत, २००६ साली, ‘वी’ हे यंत्र बाजारात आले. खेळाडूच्या हातातील पट्टीला हाताची हालचाल कळत असे. त्यामुळे चेंडू मारावयाचा तर खरोखरच हात फिरवावा लागे. ‘वी स्पोर्ट्स’ मध्ये टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ व मुष्टियुद्ध असे पाच खेळ होते. अमेरिका व युरोपात तो यंत्राबरोबरच मिळे, जपानमध्ये मात्र वेगळा विकत घ्यावा लागे. त्याच्या आठ कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यातील गोल्फचे ९ होल १९८४ च्या जुन्या खेळावरून घेतलेले होते, हे बहुतेक खेळाडूंच्या गावीही नव्हते.

११ जुलै २०१५ रोजी इवाता वयाच्या ५५ व्या वर्षी निधन पावले. मार्च २०१७ मध्ये निन्टेन्डोचे ‘स्विच’ यंत्र आले. त्याच वर्षी सप्टेंबरात अभ्यासकांना त्याच्या पोटात एक खेळ दडलेला आढळला. तो १९८४ चा ‘गोल्फ’ होता, आणि आता तो हात फिरवूनही खेळता येत होता. तो उघडण्याच्या अटी विलक्षण होत्या. यंत्राच्या घड्याळात ११ जुलै ही तारीख असली पाहिजे, आणि दोन्ही हातांत एकेक नियंत्रक धरून विशिष्ट खूण केली पाहिजे. इवाता चित्रफितींतून चाहत्यांशी बोलताना ‘थेट तुमच्याशी’ अशा अर्थाने दोन्ही हात पुढे करीत, तीच ही खूण. इंटरनेटशी जोडलेल्या यंत्राला खरी तारीख बाहेरून कळत असल्याने त्यास फसविता येत नसे. जपानमधील काही चाहत्यांनी या खेळास ‘ओमामोरी’, म्हणजे देवळातून आणलेला रक्षक ताईत, असे म्हटले.

परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरात यंत्राच्या सॉफ्टवेअरची ४.०.० ही आवृत्ती आली आणि तीतून हा खेळ काढून टाकण्यात आला. ज्यांनी यंत्र अद्ययावत केले त्यांच्याकडून तो नकळत गेला. म्हणजे हे स्मारक यंत्रात असताना ११ जुलै हा दिवस एकदाच उगवला, आणि त्या दिवशी त्याचा जगाला पत्ता नव्हता. ज्या यंत्रांत जुनी आवृत्ती तशीच राहिली, तेथेच ते आहे.

सेमिनरीत पवित्र शास्त्राच्या हस्तलिखितांचा परिचय झालेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. मार्ककृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओवी चौथ्या शतकातील दोन प्रमुख ग्रीक हस्तलिखितांत नाहीत, पुढील बहुसंख्य प्रतींत आहेत. पाचव्या शतकातील एका ग्रीक बायबलची शाई बाराव्या शतकात पुसून त्याच चर्मपत्रांवर संत एफ्रेम यांचे लेखन उतरविण्यात आले. एकोणिसाव्या शतकात टिशेनडॉर्फ या विद्वानाने खालची अक्षरे पुन्हा वाचली. पुसलेल्या चर्मपत्रावर निदान शाईचा डाग राहतो. यंत्रातून काढलेला मजकूर डाग ठेवीत नाही. तेथे जुनी प्रत कोणी जपली असेल तरच साक्ष उरते.

नवी आवृत्ती केवळ हिरावून घेते असेही नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ‘निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स’ या खेळात आरंभी गोल्फ नव्हता; नोव्हेंबरात नव्या आवृत्तीबरोबर तो आला आणि ‘वी’ वरील मैदाने परत आली. इवातांनी तोकड्या जागेत बसविलेले होल आज अनेक देशांतील मुले खेळतात, त्यांचे नाव न जाणता.

प्रत्येक मिस्सेत आपण मृतांचे स्मरण करतो, ज्यांची नावे वाचली जात नाहीत त्यांचेही. ते स्मरण कोणत्याही यंत्राच्या आवृत्तीवर अवलंबून नाही. परंतु मनुष्यांनी एकमेकांचे ठेवावयाचे स्मरण मात्र जुन्या प्रतींवर अवलंबून असते. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या नोंदवह्या आता संगणकावर उतरविल्या जात आहेत. ते काम पुरे झाले म्हणून मूळ वह्या टाकून देऊ नयेत.