संगणकावरील आयकॉन मोठे कसे करावेत आणि डोळे केव्हा तपासावेत?

संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जी छोटी चित्रे दिसतात, त्यांना आयकॉन म्हणतात. ती नीट दिसत नसतील तर मिनिटभरात मोठी करता येतात. मात्र पूर्वी सहज दिसणारे आयकॉन आता मोठे करावे लागत असतील, तर डोळ्यांची तपासणीही करून घ्या. आकार वाढवल्याने काम सोपे होते, पण नजर का कमी झाली हे कळत नाही.

आकार कसा बदलावा? (विंडोज १० व ११)

• पडद्यावरील मोकळ्या जागी माउसचे उजवे बटण दाबा. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘लार्ज आयकॉन्स’ निवडा.
• किंवा कीबोर्डवरील ‘कंट्रोल’ बटण दाबून ठेवा आणि माउसचे चाक पुढे फिरवा. मागे फिरवल्यास आयकॉन लहान होतात.
• यामुळे फक्त चित्रे मोठी होतात, खालची नावे तेवढीच राहतात. अक्षरेही मोठी हवी असल्यास उजव्या बटणाने ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा आणि ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करा.

पडदा डोळ्यांपासून साधारण एका हाताच्या अंतरावर ठेवा. दर २० मिनिटांनी २० सेकंद दूरवर पाहा. पापण्या मिटायला विसरू नका.

आयकॉन अस्पष्ट का दिसतात?

• चाळिशी : वयानुसार डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे दिसेनासे होते. चष्म्याने हा त्रास दूर होतो.
• मोतीबिंदू : भिंग गढूळ होते. पडदा धुरकट दिसतो, उजेड डोळ्यांवर येतो. यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे.
• मधुमेह : रक्तातील साखर वरखाली झाल्यास नजर तात्पुरती बदलते. दृष्टिपटलाला इजा होत असेल तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून मधुमेहींनी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे, नीट दिसत असले तरीही.

घरच्या घरी एक चाचणी

नेहमीचा चष्मा लावा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. दुसऱ्या डोळ्याने आयकॉनखालची नावे वाचा. मग डोळा बदला. दोन्ही डोळ्यांत फरक जाणवला तर तपासणी लांबवू नका. एक डोळा चांगला असला की दुसऱ्याची कमजोरी लक्षात येत नाही.

तपासणी कुठे करावी?

आलापल्ली परिसरातील रुग्णांसाठी अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. नेत्रतपासणी कोणत्या दिवशी होते, हे जाण्यापूर्वी आशाताईंकडे किंवा रुग्णालयात विचारून घ्या. जिल्हा रुग्णालय गडचिरोलीला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटरवर आहे. त्यामुळे त्रास वाढेपर्यंत थांबू नका. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की रस्ते बंद होतात, म्हणून तपासणी आधीच उरकणे सोयीचे ठरते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमांतर्गत सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते.

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा

• अचानक दिसेनासे झाले किंवा नजरेसमोर पडदा आल्यासारखे वाटले
• प्रकाशाच्या ठिणग्या किंवा अनेक काळे ठिपके अचानक दिसू लागले
• सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या
• डोळा लाल होऊन तीव्र दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली

घरातील वयस्कर व्यक्ती “पडदाच खराब झाला” म्हणत असतील, तर आयकॉन मोठे करून द्या आणि त्याच आठवड्यात त्यांचे डोळे तपासून घ्या.