हळदणकरांची ज्योत

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात एक जलरंगचित्र आहे. एका हाती दिवा धरलेली स्त्री दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करीत आहे. बोटांच्या कडा तांबूस उजळल्या आहेत आणि तोच उजेड तिच्या मुखावर पसरला आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने प्रसिद्ध असलेले हे चित्र अनेकजण राजा रविवर्म्याचे समजतात. परंतु रविवर्म्याचे निधन १९०६ साली झाले आणि हे चित्र १९४५-४६ मधील आहे. त्याचे कर्ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर. दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांची कन्या गीता.

हा केवळ नावाचा घोटाळा नव्हे. त्यात एक अख्खी परंपरा झाकली जाते. रविवर्म्याची कीर्ती तैलचित्रांवर आणि शिळाछापाच्या चित्रांवर उभी आहे. हळदणकरांचे हे चित्र मात्र मुंबईच्या जलरंग-परंपरेचे अपत्य आहे. १८८२ साली सावंतवाडीस जन्मलेले हळदणकर सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तेव्हा तेथे प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्या प्रोत्साहनाने जलरंगातील व्यक्तिचित्रणाला बहर आला होता.

तैलरंगात उजेड शेवटी वरून चढविता येतो. पारदर्शक जलरंगात तो आधीच राखून ठेवावा लागतो. कारण तेथे कोरा कागद हाच प्रकाश असतो. एक थर जादा पडला की तो उजेड विझला, आणि मग दुरुस्तीला फारसा वाव उरत नाही. बोटांआडून झिरपणाऱ्या त्या तांबूस प्रकाशामागे म्हणूनच वर्षानुवर्षांची साधना आहे. हे चित्र झाले तेव्हा हळदणकर साठी ओलांडून गेले होते.

ही साधना त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. १९०८ साली त्यांनी मुंबईत चित्रकलेचे वर्ग सुरू केले. पुढे ती संस्था ‘हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट’ म्हणून नावारूपास आली. १९१८ साली स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांतही ते होते. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले.

चित्राखालचे नाव चुकले, तर हे सारे वाचकाच्या नजरेआड जाते: बर्न्सकालीन शिक्षण, विद्यार्थ्यांच्या पिढ्या, आणि कागद कोरा ठेवण्याचा तो संयम. कलेतिहासाने निदान एवढे ऋण फेडावे, की दिवा ज्याने लावला त्याचे नाव सांगावे.