पायाखालचे सूर



गिरणीकामगारांच्या चळवळीत ज्याचे आयुष्य गेले अशा माणसाने गाण्याबजावण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्हांला गाता येत नाही, वाजवता तर त्याहून येत नाही. पण वाद्य हे अखेर एक यंत्र आहे. यंत्रापुढे बसलेल्या माणसाचे हात काय करतात, पाय काय करतात, आणि तयार मालावर त्याचे नाव लागते की नाही, एवढे पाहण्याची खोड आम्हांला चळवळीने लावली. त्या खोडीतूनच आजचा विषय निघाला. अमेरिकेत पेडल स्टील गिटार नावाचे एक वाद्य आहे. त्यात चाल पायाने वळवतात. ही युक्ती कशी सुचली आणि आपल्याकडे पायाचा उपयोग संगीतात कसा झाला, हा इतिहास आज पाहावयाचा आहे.

आरंभ मात्र आपल्या मराठवाड्यातूनच करावा लागतो. तेराव्या शतकात देवगिरीस सिंघण यादवाचे राज्य असता त्याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा गृहस्थ होता. याचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला. बाप सोढल यादवांच्या सेवेत राहिला. शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणाधिप, म्हणजे आजच्या भाषेत सरकारी हिशेबखात्याचा मुख्य कारकून! दिवसभर जमाखर्चाची कागदपत्रे पाहणाऱ्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि पुढची सातशे वर्षे उत्तरेचे व दक्षिणेचे दोन्हीकडचे पंडित त्या ग्रंथाचा आधार घेत आले. संगीत ही केवळ उस्तादांची मिरास आहे असे जे समजतात त्यांना आम्ही या कारकुनाचे नाव सांगत असतो.

ग्रंथाच्या सात अध्यायांपैकी सहावा वाद्यांचा. त्यात एकतंत्री वीणा वर्णिलेली आहे. नावाप्रमाणे तिला तार एकच, आणि पडदे मुळीच नाहीत. वादक डाव्या हातात बांबूची एक कांडी धरतो, तिला कम्रिका म्हणतात. ती तारेवरून सरकवीत नेली की सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न तुटता जातो. पडद्याच्या वाद्यात सूर पायऱ्या चढतो, येथे तो उतारावरून घसरतो. गळ्यातली मींड तारेत आणण्याची ही सोय होती. पुढे उत्तरेत विचित्र वीणा व दक्षिणेत गोट्टुवाद्यम् यांनी हीच पद्धत चालविली.

आता एकदम प्रशांत महासागर ओलांडू. हवाई बेटांवर १८८९ च्या सुमारास जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने गिटारीच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून पाहिला आणि त्यातून हवाइयन गिटार जन्मास आली, असा तिचा इतिहास सांगतात. कम्रिकेचे आणि या पोलादी सळईचे तत्त्व एकच. म्हणून काही उत्साही मंडळी लगेच ‘ते आपल्याकडूनच गेले’ असे म्हणू लागतात. आम्हांला हा उत्साह मानवत नाही. गरज सारखी असली की दोन माणसांना दोन ठिकाणी सारखीच युक्ती सुचते. नांगर का एकाच गावात निघाला?

पण दोन्ही वाद्यांत एक भेद आहे, आणि पुढची सारी कथा त्या भेदातून निघते. एकतंत्रीला तार एक. हवाइयन गिटारीला सहा. सळई सरकली की सहाही तारा एकदम सरकतात. समजा तारा षड्ज, गांधार, पंचम अशा लावल्या आहेत. सळई कोठेही न्या, तिन्ही सुरांतील अंतर तेच राहणार. पाश्चात्त्य संगीत तीन-चार सूर एकदम वाजवून चालते आणि त्या मेळातला एखादाच सूर हलवून दुसरा मेळ साधते. त्यांची येथे अडचण झाली. वादक सळई तिरकी धरून थोडेबहुत साधत, पण तिरकेपणालाही मर्यादा असते. हात दोन, एक तार छेडण्यात गुंतलेला, दुसरा सळईत. मोकळे काय राहिले? पाय.

१९४० च्या सुमारास अमेरिकेत गिटारीला पेडल जोडण्यास आरंभ झाला. पेडल दाबले की वाद्याच्या पोटाखालच्या सळ्या ओढल्या जातात आणि ठराविक तारेचा ताण वाढून तिचा सूर चढतो. प्रथम याचा उपयोग तारा वेगळ्या सुरांत झटपट लावण्यापुरताच करीत. १९५४ साली वेब पिअर्स या गायकाचे ‘स्लोली’ हे गीत गाजले. त्यात बड आयझॅक्स या वादकाने तार वाजत असतानाच पेडल दाबले. ऐकणाऱ्यांना एकाच वेळी काही सूर वर सरकताना आणि काही जागीच थांबलेले ऐकू आले. तारेचे असे वाजणे पूर्वी कोणी ऐकले नव्हते. तो सूर कसा निघाला हे शोधण्यासाठी सारे वादक आपापल्या गिटारी उघडून बसले म्हणतात.

आयझॅक्सच्या एका पेडलने दोन स्वर एकदम चढत. पुढे बडी एमन्स या तरुण वादकाने त्या एका पेडलची दोन केली. एकाने एक स्वर, दुसऱ्याने दुसरा. वरवर पाहता ही किरकोळ दुरुस्ती. पण आमच्यापैकी ज्यांनी माग पाहिला आहे त्यांना तिचे मोल तात्काळ कळेल. खड्ड्याच्या मागावर विणकर पायाखालची एक पट्टी दाबतो तेव्हा ताण्याचे अर्धे धागे वर येतात, दुसरी दाबतो तेव्हा उरलेले. मधून धोटा धावतो. दोन पट्ट्यांच्या चार केल्या की कोणत्या कोणत्या मिळून दाबावयाच्या यावर कापडातली नक्षी ठरते. येथेही तेच झाले.

आपल्या स्वरांत सांगतो. उघड्या तारांत षड्ज, गांधार, पंचम आहेत. पहिले पेडल पंचमाचा धैवत करते. दुसरे गांधाराचा शुद्ध मध्यम करते. एकही न दाबता सा-ग-प. पहिले दाबले की सा-ग-ध, थोडा उदास मेळ. दोन्ही दाबली की सा-म-ध, भरदार आणि उजळ. सळई तसूभरही हललेली नाही. तिसरे पेडल वरच्या षड्जाचा रिषभ आणि त्याच्या शेजारच्या पंचमाचा धैवत करते. ते दुसऱ्याबरोबर दाबले की रे-म-ध मिळतो. पेडले अशी लगत ठेवलेली असतात की डाव्या पायाचा घोटा किंचित कलवला की पहिले-दुसरे किंवा दुसरे-तिसरे एकदम दबावे. उजवा पाय आवाज लहानमोठा करणाऱ्या पेडलवर. पुढे गुडघ्यांनी ढकलावयाचे दांडेही आले. म्हणजे दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, आणि साऱ्यांचा मेळ राखणारे एक डोके.

चाल वाजविण्यातही याची गंमत आहे. दहा तारांमध्ये रिषभ आणि निषादाच्याही तारा असतात. त्यांत पेडलचे मध्यम-धैवत मिळविले की सळई एकाच जागी ठेवून बिलावलाचे सातही स्वर निघतात. मग चालीतला कोणता स्वर सळईने घ्यावा आणि कोणता पायाने, ही निवड वादकाची. पंचम छेडून तो वाजत असता पहिले पेडल हळू दाबले की पंचम धैवतावर चढतो आणि शेजारचा षड्ज स्थिर राहतो. दोन्ही पेडले दाबून तार छेडली आणि मग सावकाश सोडली की धैवत पंचमावर, मध्यम गांधारावर एकदम उतरतो. चर्चमधल्या प्रार्थनेच्या अखेरीस जो विसावा ऐकू येतो तोच हा. अशा लहान लहान तुकड्यांवर तिकडच्या वादकांचे सारे कौशल्य उभे आहे. पाय घाईने आपटला तर तोच तुकडा बेसूर हुंदक्यासारखा वाटतो, हेही खरे.

मग हे वाद्य आपल्याकडे का रुजले नाही? हवाइयन गिटार तर आली होती. टाऊ मो हा वादक १९४० च्या दशकात आपल्या कुटुंबासह कलकत्त्यास राहिला. मुंबईच्या चित्रपटांत व्हॅन शिपले याने आठ तारांची विजेची गिटार वाजवली. रेडिओ सिलोन आणि १९५७ साली सुरू झालेली विविध भारती यांवरून गिटारीच्या सुरावटी आपल्या नांदेड-लातूरच्या हॉटेलांतही पोचल्या. पण आपल्याला एका वेळी एकच सूर हवा, आणि त्याची वाट हवी; ते काम सळई एकटीच करते. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच गिटारीवर राग वाजविले, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीने ती ऐकू येते. विश्वमोहन भट्ट यांनी तिला चिकारी व तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली. १९९४ साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. शार्ङ्गदेवाची कांडी अशी फिरून घरी आली, पेडलावाचून.

आपला पाय गुंतला तो दुसऱ्याच वाद्यात. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे नाटक मंडळ्यांत पायपेटी व ऑर्गन आले. त्यात पाय सूर बदलीत नाही, भाता चालवितो. पण त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात, आणि भात्याचा जोर कमीजास्त करून वादक नटाच्या गळ्याला श्वासागणिक साथ देऊ शकतो. बालगंधर्वांच्या गाण्यात हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन आणि कादरबक्ष यांची सारंगी ज्यांनी ऐकली त्यांना केवळ साथ हा शब्द अपुरा वाटला असला पाहिजे. रात्र रात्र पाय हलवीत बसणे हे काही हलके काम नव्हे.

याच पेटीवर १९४० साली ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली. पेटीत मींड नाही, तिचे स्वर ठोकळेबाज आहेत, हे कारण. शास्त्र म्हणून त्यात तथ्य होते. शार्ङ्गदेवाला कांडी लागली ती त्याचसाठी. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली होती तीही याच उणिवेवर उपाय म्हणून. पण बंदी १९७१ पर्यंत टिकली. एकतीस वर्षे! एवढ्या काळात पेटीवर पोट असलेल्या माणसाची एक पिढी रेडिओच्या दाराबाहेरच म्हातारी झाली, याचा हिशेब संगीतशास्त्राच्या चर्चेत आम्हांला कोठे आढळला नाही. हा वाद आजही मिटलेला नाही. २०२२ साली अकाल तख्ताने सुवर्णमंदिरातील कीर्तनातून पेटी टप्प्याटप्प्याने काढून जुनी तंतुवाद्ये आणावीत असे सांगितले. गोदाकाठच्या हुजूर साहिबमुळे नांदेडकरांना तो वाद परका नाही. तंतुवाद्ये अवश्य यावीत. पण पेटीवर ज्यांचे हात बसले आहेत त्यांना नवे वाद्य शिकावयास अवधी आणि त्या काळात पगार मिळतो की नाही, हे आम्ही आधी विचारू.

आणखी एक. अमेरिकेत त्या दोन पेडलांचा क्रम दोघा वादकांनी उलटसुलट ठेवला. एक एमन्सचा, दुसरा जिमी डे याचा. आजही तेथे नवी गिटार घेणाऱ्याला विचारतात, क्रम एमन्सचा हवा की डे याचा? कारागिराचे नाव असे त्याच्या पायाखालच्या लोखंडाला चिकटून राहिले. आपल्याकडच्या जुन्या चित्रपटगीतांची तबकडी हातात घ्या: गायकाचे नाव आहे, संगीत दिग्दर्शकाचे आहे, चित्रपटाचे आहे; गिटार कोणी वाजवली ते बहुधा नाही. आपल्या जिल्ह्यांत मेळ्यांतून, नाटकांतून, लग्नाच्या बँडांतून ज्यांनी पेटी व गिटार वाजवली त्यांची नावे तर कागदावर आलीच नाहीत. ती ज्यांना आठवत असतील त्यांनी जाताना आम्हांस सांगावीत. सभा संपल्यावर आम्ही दाराशी वही घेऊन बसलो आहोत.