एका अक्षराची किंमत : डुकरे, भूल आणि एक जनुक

मेंडेलचे नियम शिकवताना आपण वाटाण्याच्या शेंगेपलीकडे सहसा जात नाही. उंच आणि बुटके, हिरवे आणि पिवळे, गोल आणि सुरकुतलेले अशा जोड्या मांडायच्या, तीनास एक हे गुणोत्तर फळ्यावर लिहायचे, की प्रकरण संपले. मुले ते पाठ करतात. पण या गुणोत्तरावर कुणाचा व्यवसाय आणि कुणाचा जीव अवलंबून असू शकतो, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. म्हणून या लेखात आम्ही वाटाणा बाजूला ठेवून डुकराचा इतिहास सांगणार आहोत. विषयाचे नाव काढताच वर्गात खसखस पिकेल. ती पिकू द्यावी, कारण गोष्ट पुढे गंभीर होत जाते.

चरबीकडून मांसाकडे

एकोणिसाव्या शतकात युरोपात डूकर पाळले जाई ते मांसाइतकेच चरबीसाठी. स्वयंपाकाला ती लागे, शिवाय साबण आणि मेणबत्त्यांनाही चरबी लागे. डेन्मार्कचे शेतकरी आपली जिवंत डुकरे जर्मनीला विकत. १८८७ साली जर्मनीने ही आयात बंद केली. त्याच वर्षी डेन्मार्कमधील हॉर्सेन्स येथे शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर कत्तलखाना काढला आणि इंग्लंडच्या न्याहारीसाठी बेकन पाठवायला सुरुवात केली. इंग्रज गिऱ्हाइकाला लांब शरीराचे, पाठीवर चरबीचा पातळ थर असलेले डूकर हवे होते. ते मिळवण्यासाठी स्थानिक डुकरांचा इंग्लंडच्या यॉर्कशायर जातीशी संकर आणि नंतर काटेकोर निवड झाली. त्यातून ‘लँडरेस’ ही जात घडली.

ही निवड शास्त्रीय पद्धतीने व्हावी म्हणून १९०७ मध्ये डेन्मार्कमध्ये चाचणी केंद्रे सुरू झाली. एका वेतातील काही पिले केंद्रावर आणायची, सर्वांना सारखा खुराक द्यायचा, आणि वाढीचा वेग, खाल्लेला खुराक, शरीराची लांबी व पाठीवरच्या चरबीची जाडी मोजायची. संततीच्या मोजमापांवरून आईबापांची पारख करण्याची ही पद्धत त्या काळी नवी होती, आणि ती विलक्षण यशस्वी ठरली. दुसऱ्या महायुद्धानंतर वनस्पती तेले आणि नवी धुलाईची चूर्णे स्वस्त झाली. चरबीला भाव उरला नाही. मग युरोप-अमेरिकेत सर्वत्र एकच ध्यास लागला, चरबी कमी आणि मांस जास्त. बेल्जियममधील पिएत्रँ या खेड्याच्या नावाची ठिपकेदार, भरदार पुठ्ठ्यांची जात याच काळात पुढे आली.

नासलेल्या दुधाची उपमा

१९५३ मध्ये डेन्मार्कचे संशोधक लुडविगसेन यांनी एका विचित्र दोषाचे वर्णन केले. काही निरोगी दिसणाऱ्या डुकरांचे मांस कापल्यावर फिके, लिबलिबीत निघे आणि त्यातून पाणी गळे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील ब्रिस्की यांनी या दोषाचा कसून अभ्यास केला. उद्योगाच्या दृष्टीने हे मोठे नुकसान होते, कारण गळणारे पाणी म्हणजे घटणारे वजन.

कारण समजून घ्यायचे तर स्नायूचे रसायन पाहावे लागते. प्राणी मेल्यावर स्नायूंना ऑक्सिजन मिळत नाही, पण पेशींमधील रासायनिक क्रिया लगेच थांबत नाहीत. साठवलेल्या ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल तयार होत राहते. मांसाचा सामू ७ च्या आसपासून हळूहळू उतरत काही तासांनी ५.६ च्या जवळ येतो. तोपर्यंत मांस थंडही झालेले असते. या सदोष डुकरांत मात्र पाऊण तासाच्या आतच सामू ६ च्या खाली जाई, आणि तेव्हा शरीर अजून गरमच असे. उकळत्या दुधात लिंबू पिळले तर चोथा आणि पाणी वेगळे होते. थंड दुधात तेवढेच लिंबू पिळले तर तसे चटकन होत नाही. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की प्रथिनांची घडण बिघडते आणि ती पाणी धरून ठेवू शकत नाहीत. मांसात नेमके हेच घडत होते.

याच डुकरांची दुसरी खोडही ध्यानात आली. ट्रकमध्ये चढवताना, प्रवासात, किंवा अनोळखी डुकरांशी झुंज झाली की ती धापा टाकत, अंग तापे, पाय ताठ होत आणि ती पटकन मरत. १९६८ मध्ये अमेरिकेतील टोपेल आणि सहकाऱ्यांनी या लक्षणसमूहाला ‘डुकरांचा ताणजन्य विकार’ असे नाव दिले.

मेलबर्नचा विद्यार्थी

आता थोडे दूर जाऊ. १९६० साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका रुग्णालयात पाय मोडलेला २१ वर्षांचा विद्यार्थी आला. त्याला पायापेक्षा भुलेची धास्ती होती. त्याच्या दहा नातेवाइकांचा ईथरची भूल दिल्यावर मृत्यू झाला होता. डॉक्टरांनी ईथर टाळून त्या वेळी नवे असलेले हॅलोथेन वापरले. थोड्याच वेळात त्याचा रक्तदाब उतरला आणि अंग भट्टीसारखे तापले. भूल थांबवून त्याला बर्फात ठेवले, आणि तो वाचला. डेनबरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी त्याच्या घराण्याची वंशावळ तयार केली, आणि हा दोष आनुवंशिक असल्याचे दिसले. पुढे या विकाराला ‘घातक अतिताप’ असे नाव पडले. त्या काळी त्यात सापडलेल्या दहापैकी सात-आठ रुग्ण दगावत.

१९६६ मध्ये केंब्रिजचे पशुवैद्यक हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कळवले, की हॅलोथेनच्या भुलेखाली सक्सामेथोनियम हे औषध दिल्यावर काही डुकरे ताठ होऊन, अंग तापून मेली. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा माणूस आणि ट्रकमधले डूकर यांचा विकार एकच असावा, असा संशय बळावला. डॉक्टरांना या रोगाचा अभ्यास करण्यासाठी प्राणी मिळाला, आणि डूकरपालकांना एक कसोटी मिळाली.

या प्राण्याचा पहिला मोठा लाभ माणसाला झाला. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या हॅरिसन यांनी अशा डुकरांवर प्रयोग करून डँट्रोलीन हे औषध हा झटका आवरते असे दाखवले. १९७९ मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायच्या डँट्रोलीनला मान्यता मिळाली. या औषधामुळे आणि भुलेच्या वेळी ठेवल्या जाणाऱ्या दक्ष देखरेखीमुळे मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ ‘तुमच्या घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का?’ असे विचारतात, त्यामागे हा इतिहासही आहे.

कसोटी आणि तिची मर्यादा

डूकरपालकांची कसोटी १९७४ मध्ये हॉलंडमध्ये आयकेलेनबोम आणि मिंकेमा यांनी मांडली. पिलाच्या तोंडावर मुखवटा लावून काही मिनिटे हॅलोथेन द्यायचे. निरोगी पिलू सैल पडून झोपते, सदोष पिलाचे पाय काठीसारखे ताठ होतात. अशी पिले पैदाशीतून वगळली की दोष नाहीसा होईल, असे वाटणे साहजिक होते.

येथे मेंडेल आडवा आला. डुकरांतील हा दोष अप्रभावी आहे. ज्याला सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून मिळाले तेच पिलू ताठ होते. एकच सदोष जनुक असलेला ‘वाहक’ कसोटीत निरोगी ठरतो. समजा, १०० पिलांत १ पिलू ताठ झाले. म्हणजे सदोष जनुकाचे प्रमाण १/१० आहे, कारण १/१० गुणिले १/१० म्हणजे १/१००. या १०० पिलांत मिळून २०० जनुके, त्यांत २० सदोष. ताठ झालेल्या पिलात त्यांपैकी फक्त २ आहेत. उरलेली १८ ही १८ निरोगी दिसणाऱ्या वाहकांत दडलेली आहेत. सदोष पिलू काढून टाकले तरी नऊदशांश दोष कळपातच राहिला. दर पिढीत हीच छाटणी करत गेले तर प्रमाण १/१० वरून १/११, मग १/१२ असे उतरते. ते निम्म्यावर यायला दहा पिढ्या लागतात.

हे उत्तर १९९१ मध्ये बदलले. स्नायूचे आकुंचन कॅल्शियममुळे घडते. पेशीतील साठ्यातून ते सोडणारे एक दार असते, त्याला रायनोडीन ग्राही म्हणतात. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात मॅक्लेनन यांच्या गटाने सदोष डुकरांत या प्रथिनाच्या जनुकाचे एकच अक्षर बदललेले असल्याचे दाखवले. १८४३ व्या जागी ‘सी’ ऐवजी ‘टी’ होता. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत ६१५ व्या जागी आर्जिनीनऐवजी सिस्टीन हे अमिनो आम्ल बसते. हे दार सहज उघडते आणि लवकर मिटत नाही. कॅल्शियम वाहत राहते, स्नायू आखडतो, ग्लायकोजेन जळते, उष्णता आणि आम्ल दोन्ही वाढतात. सगळी लक्षणे एका सूत्रात ओवली गेली. त्याच वर्षी एका मानवी कुटुंबातही त्याच्याशी जुळणाऱ्या ६१४ व्या जागी हाच बदल सापडला.

आता रक्ताच्या थेंबावरून वाहकही ओळखता येऊ लागला. पण मग वाद सुरू झाला. या जनुकामुळे मांस जास्त आणि चरबी कमी होते. काही पैदासकार म्हणाले, वाहक मरत तर नाही, मग सदोष नर आणि निर्दोष मादी यांचा संकर करून बाजारात वाहकच का विकू नयेत? तसे काही काळ झालेही. पुढे वाहकांचे मांसही काही प्रमाणात फिके निघते हे दिसून आले आणि अनेकांनी जनुक कळपातून काढून टाकले. बेल्जियमच्या लीज विद्यापीठात पिएत्रँ जातीत निर्दोष जनुक संकराने आणून तिची ताण सोसणारी शाखा तयार झाली.

फिके मांस मात्र पूर्णपणे थांबले नाही. उन्हातला प्रवास, विजेच्या काठीचे टोचे आणि मांस थंड करण्यातली दिरंगाई यांनीही सामू वेगाने उतरतो. ते दुखणे जनुकाचे नसून माणसाच्या वागणुकीचे आहे.

जे मोजले ते वाढले

माणसांत या जनुकाचे शेकडो निरनिराळे बदल सापडले आहेत. डुकरांत मात्र १९९१ च्या अभ्यासातील पाचही जातींत एकच बदल होता, आणि आसपासच्या खुणांवरून तो एकाच पूर्वजाकडून आलेला दिसत होता. कधीतरी एका डुकरात एक अक्षर बदलले. भरदार मांसाच्या ओढीने माणसाने त्याचा वंश निवडून निवडून जगभर पसरवला. निवडीच्या तक्त्यात चरबीच्या जाडीचा रकाना होता, ट्रकमध्ये मेलेल्या जनावरांचा नव्हता. जे मोजले ते वाढले, आणि जे मोजले नाही तेही त्याच्या पाठीवर बसून आले.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. २०० चिंचोके घ्यावेत, त्यांपैकी २० वर खडूची खूण करावी, पिशवीत हलवून दोन-दोन काढावेत. दोन्ही खुणेचे निघतील ती जोडी बाद करावी. मग प्रमाण मोजून पुढची पिढी मांडावी. चार-पाच पिढ्यांनंतरही पिशवीत किती खुणेचे चिंचोके उरतात ते मुलांनाच मोजू द्यावे. आमची खात्री आहे, की तीनास एक या गुणोत्तराकडे ती नंतर निराळ्या नजरेने पाहतील.