ऑप्सोक्लोनस

ऑप्सोक्लोनस : दोन्ही डोळे एकाच वेळी आडव्या, उभ्या व तिरप्या दिशांना, सेकंदाला सुमारे १० ते १५ वेळा, अनैच्छिक व अनियमित झटके घेतात असा नेत्रगतीचा विकार. पोलिश मेंदूविकारतज्ज्ञ काझिमिएश ओझेखोव्स्की यांनी १९१३ मध्ये ही संज्ञा वापरली. एंटेरोव्हायरस, वेस्ट नाईल इत्यादी विषाणूंमुळे मस्तिष्कशोथ (मेंदूचा दाह) झाल्यास, विषाणूविरुद्ध जागृत झालेली प्रतिकारयंत्रणा मस्तिष्कस्तंभ व अनुमस्तिष्क यांतील नेत्रगतीच्या नियंत्रणात बिघाड घडवते, असे मानले जाते. निस्टॅग्मसमध्ये (नेत्रदोलनात) सहसा दिसणारी संथ गती येथे नसते; डोळे मिटले तरी झटके चालूच राहतात. लहान मुलांत न्यूरोब्लास्टोमा या चेतापेशींच्या कर्करोगामुळेही हीच लक्षणे उद्भवत असल्याने त्या कर्करोगाची तपासणी करणे अत्यावश्यक ठरते.