राष्ट्रीय नमुना पाहणी

राष्ट्रीय नमुना पाहणी : निवडक कुटुंबांकडून खर्च, रोजगार, आरोग्य, शिक्षण, कर्ज, जमीनधारणा इत्यादींची माहिती घेऊन त्यावरून संपूर्ण भारताविषयीचे अंदाज बांधणारी केंद्र सरकारची पाहणी. ती फेऱ्यांनी चालते.

स्थापना : राष्ट्रीय उत्पन्न समितीला (१९४९, अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य धनंजयराव गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव) कुटुंबांच्या उपभोगाची विश्वसनीय आकडेवारी मिळेना. ती उणीव भरून काढण्यासाठी १९५० मध्ये पाहणी सुरू झाली. पहिली फेरी (ऑक्टोबर १९५०–मार्च १९५१) ग्रामीण भागापुरती होती. आराखडा व विश्लेषण प्रारंभी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेकडे असे. पुढे सर्व काम सरकारी संघटनेकडे गेले. २०१९ पासून ती संघटना राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात समाविष्ट आहे.

नमुना : पहिल्या टप्प्यात गाव किंवा शहरी गट, नंतर त्यातील कुटुंबे. २०२२-२३ च्या उपभोग खर्च पाहणीत २,६१,७४६ कुटुंबे होती.

स्मरणकाल : खर्च किती दिवसांचा विचारायचा, यावर उत्तर बदलते. अन्नावरील खर्च सात दिवसांचा विचारल्यास महिन्याचा हिशेब सहसा जास्त भरतो, तीस दिवसांचा विचारल्यास कमी. प्रारंभीच्या प्रयोगांनंतर तीस दिवस ठरले. ५५ व्या फेरीत (१९९९-२०००) अन्नाबाबत दोन्ही कालावधी एकाच कुटुंबाला विचारले गेले. एका उत्तराचा प्रभाव दुसऱ्यावर पडल्याने या फेरीवरून काढलेले दारिद्र्याचे २६.१ टक्के हे प्रमाण आधीच्या फेऱ्यांशी तुलनीय नाही, असे आक्षेप आले. ते प्रमाण दुरुस्त करू पाहणाऱ्या अभ्यासकांचे निष्कर्षही परस्परांशी जुळत नाहीत. पुढे कपडे, टिकाऊ वस्तू, शिक्षण अशा बाबींसाठी ३६५ दिवस, भाजी-फळे, अंडी-मांस, खाद्यतेल इत्यादींसाठी सात व उरलेल्यांसाठी तीस दिवस अशी मिश्र पद्धत रूढ झाली. २०२२-२३ मध्ये एकाच भेटीऐवजी तीन महिन्यांत तीन भेटी देण्यात आल्या. त्या वर्षी दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ रुपये व शहरी भागात ६,४५९ रुपये आढळला. २०११-१२ शी या आकड्यांची थेट तुलना करताना भेटींतील हा बदल लक्षात घ्यावा लागतो. २०१७-१८ च्या उपभोग पाहणीचा अहवाल माहितीच्या गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्ध करण्यात आला नाही.

दारिद्र्यमापन : वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून या पाहणीच्या आधारे दरडोई दररोज २,२५० उष्मांकांवर दारिद्र्यरेषा आखली (१९७१). पां. वा. सुखात्मे यांनी सरासरी उष्मांकांच्या निकषावर आक्षेप घेतला. सुरेश तेंडुलकर समितीने (२००९) रेषेचा उष्मांकांशी असलेला थेट संबंध सोडला. २००४-०५ चे दारिद्र्य तिने ३७.२ टक्के धरले, पूर्वीचा अधिकृत अंदाज २७.५ टक्के होता.

रोजगार : दांतवाला समितीच्या (१९७०) शिफारशींनंतर नेहमीची, साप्ताहिक व दैनिक स्थिती हे रोजगार मोजण्याचे तीन निकष आले. २०१७ पासून ही माहिती नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून घेतली जाते.

राज्य नमुने : राज्यांच्या वाट्याच्या नमुन्यांची पाहणी महाराष्ट्रात अर्थ व सांख्यिकी संचालनालयामार्फत होते.